लहरी सगळ्यांच्या, हक्क कोणाचा?

२१ जून १९४३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनी कंपनीच्या एका पेटंटमधले कळीचे दावे रद्द ठरवले. पेटंट १९०४ चे, त्यामागचा मूळ ब्रिटिश अर्ज २६ एप्रिल १९०० चा. बिनतारी संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही ठिकाणची विद्युतमंडले एकाच कंपनसंख्येवर आणून ठेवली, की गर्दीतून नेमका हवा तोच संदेश उचलता येतो, असा त्याचा विषय. ही गोष्ट मार्कोनीच्या आधी ऑलिव्हर लॉज, निकोला टेस्ला आणि जॉन स्टोन स्टोन यांच्या कागदपत्रांत आलेली आहे, असे न्यायालयाने म्हटले. निकाल लागला तेव्हा मार्कोनीला जाऊन सहा वर्षे होत आली होती, लॉजला तीन. टेस्ला त्याच वर्षी ७ जानेवारीला गेला, स्टोन मे महिन्यात. पेटंटची सतरा वर्षांची मुदत तर १९२१ मध्येच संपली होती. ज्यांचे नाव आणि पैसा या वादात पणाला लागला, त्यांच्यापैकी कोणीही कोर्टाचा शब्द ऐकायला उरले नव्हते.

हा निकाल आज कागलमध्ये बसून पुन्हा वाचावा असे आम्हाला वाटते. याच तालुक्यातल्या सेनापती कापशीचे नाव ज्या चपलेच्या एका प्रकाराला आहे, ती कोल्हापुरी चप्पल जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत दिसली. सोबत कोल्हापूरचे नाव नव्हते. इकडे गदारोळ झाला, तेव्हा कंपनीने मूळ कुठले ते मान्य केले. ही बातमी जगभर गेली. पण बातमी न होणारी तशीच गोष्ट कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वर्षानुवर्षे चालू आहे. फौंड्रीतला पॅटर्नमेकर कोअर बॉक्सची मांडणी बदलून वाया जाणारे कास्टिंग वाचवतो. मशीन शॉपमधला फिटर फिक्स्चरमध्ये एक पिन हलवतो आणि जॉब निम्म्या वेळात लागतो. मोठ्या कंपनीचा माणूस पाहणीला येतो, पाहून जातो, आणि पुढच्या ड्रॉइंगमध्ये ती पिन असते. पिन कोणी हलवली याची नोंद कुठेही नसते.

‘पहिल्यांदा कोणी केले’ हा एक प्रश्न आणि ‘त्यावर हक्क कोणाचा’ हा दुसरा. आपण दोन्ही एका दमात विचारतो आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लावून मोकळे होतो. बिनतारीच्या पहिल्या पन्नास वर्षांत हेच झाले, आणि त्याची किंमत सगळ्यांनीच मोजली.

आधी मूळ प्रयोग पाहू. १८८९ च्या सुमारास लिव्हरपूलमध्ये प्राध्यापक असलेल्या लॉजने दोन लेडन जार घेतले. लेडन जार म्हणजे आतून-बाहेरून धातूचा पातळ पत्रा लावलेली काचेची बरणी. तिच्यात वीज साठते. प्रत्येक बरणीला त्याने तारेची एक चौकट जोडली. पहिल्या बरणीत ठिणगी पाडली की तिच्या चौकटीत विजेची आंदोलने सुरू होत. दुसऱ्या चौकटीत एक आडवी तार सरकती ठेवली होती. ती सरकवत नेली की एका नेमक्या जागी, मध्ये कसलाही जोड नसताना, दुसऱ्या बरणीतही ठिणगी उडे. तार तिथून थोडी पुढे किंवा मागे केली की ठिणगी बंद. मिरजेच्या सतारमेकरांकडे तरफा लावताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको: वरची तार छेडली की खालची त्याच सुराची तरफ आपोआप बोलते आणि शेजारची गप्प राहते.

जुन्या ट्रान्झिस्टरचे मागचे झाकण उघडले तर लॉजची चौकट आणि बरणी आजही आत दिसते. फेराइटच्या काळ्या सळईवर गुंडाळलेली कॉइल ही चौकट. डायलच्या दोरीने फिरणारा, मेकॅनिक ज्याला ‘गँग’ म्हणतात तो कंडेन्सर ही बरणी. गँगचे अर्धगोल पत्रे एकमेकांना न शिवता आत-बाहेर होतात, तशी त्याची वीज साठवण्याची ताकद कमी-जास्त होते. कॉइल २०० मायक्रोहेन्रीची धरली, तर धारवाडच्या ७६५ किलोहर्ट्झसाठी गँग सुमारे २१६ पिकोफॅरडवर हवा, सांगलीच्या १२५१ साठी ८१ वर आणि पणजीच्या १२८७ साठी साडेशहात्तरवर. मध्यम लहरींच्या भरभराटीच्या दिवसांत कागलच्या घराघरांत तीन दिशांची ही तीन केंद्रे लागत. सांगली आणि पणजी यांच्यात साडेचार पिकोफॅरडचा फरक, म्हणजे बटण केसभर फिरवण्याइतका. तेवढ्याने मराठी कार्यक्रमाच्या जागी कोकणी कार्यक्रम यायचा. हे एका कॉइलच्या आणि एका गँगच्या बळावर स्वच्छ होत नाही. म्हणून रेडिओच्या पोटात पुढे आयएफटीचे चौकोनी डबे ओळीने बसवलेले असतात. प्रत्येक डबा म्हणजे आणखी एक जुळवलेले मंडल. त्यांचे अलाइनमेंट बिघडले की दोन केंद्रे एकमेकांत मिसळतात आणि गिऱ्हाईक रेडिओ घेऊन दुकानात येते. तत्त्व एका ओळीत सांगता येते. ते कामाला लावायचे तर अशी रांग लागते. सगळा वाद या दोहोंच्या मधल्या जागेतला आहे.

आता लॉजची बाजू. कोल्हापुरात २ एप्रिल १८९४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ जूनला, लॉज लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हर्ट्झच्या स्मरणार्थ व्याख्यान देत होता. विद्युतचुंबकीय लहरी पकडून दाखवण्याचे प्रयोग त्याने भरसभेत केले, ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डलाही केले. मार्कोनी तेव्हा वीस वर्षांचा होता. म्हणजे ज्ञान लॉजकडे होते, उपकरणे होती, पाहणारे साक्षीदार होते. संदेश पाठवण्याचा धंदा यातून उभा राहील हे मात्र त्याच्या मनात बसले नाही. मार्कोनीने २ जून १८९६ रोजी पेटंटचा अर्ज केला आणि वर्तमानपत्रांत त्याचे नाव गाजू लागले, तेव्हा लॉज जागा झाला. १० मे १८९७ रोजी त्याने जुळवलेल्या मंडलांचा स्वतःचा अर्ज दाखल केला. आकाशतारेत बदलती कॉइल घालून पाठवणारा आणि घेणारा एकाच कंपनसंख्येवर आणायचे, हा त्याचा गाभा. निवडक संदेशवहनाचा हा पहिला नीट लिहून काढलेला दावा मानायला हरकत नाही.

पण त्यात एक अडचण होती, आणि ती समजल्याशिवाय मार्कोनीला न्याय देता येत नाही. त्या काळी लहरी ठिणगीतून निघत. उंच आकाशतार लहरी चांगल्या फेकते. पण म्हणूनच तिची ऊर्जा दोन-चार हेलकाव्यांत संपते. एवढे थोडे हेलकावे असले की दुसऱ्या टोकाला नेमके जुळवून घेण्यासारखे काही उरत नाही. उलट बरणी आणि चौकट यांचे बंदिस्त मंडल खूप वेळ आंदोलत राहते. पण ते लहरी बाहेर जाऊच देत नाही. जुळणी हवी तर पल्ला जातो, पल्ला हवा तर जुळणी जाते. लॉजने आकाशतारेत कॉइल घालून मधला मार्ग काढला आणि पल्ला गमावला. जर्मनीत फर्डिनांड ब्राउनने १८९८ मध्ये ठिणगी आकाशतारेतून काढून वेगळ्या बंदिस्त मंडलात नेली. मार्कोनीने १९०० मध्ये दोन्ही टोकांना दोन-दोन अशी चार मंडले घेतली, बंदिस्त मंडल आणि आकाशतार यांच्यात ट्रान्सफॉर्मरची सैल गाठ ठेवली आणि चारही मंडले एका कंपनसंख्येवर आणली. ब्रिटनमध्ये त्या अर्जाला ७७७७ हा क्रमांक मिळाला. पेटंटच्या इतिहासात ‘चार सात’ म्हणून तो ओळखला जातो.

आणि ते चालले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत वाइट बेटावरच्या सेंट कॅथरिन्सहून दोन ऑपरेटरांनी एकाच वेळी दोन संदेश सोडले, एक इंग्रजी, एक फ्रेंच. सुमारे तीस मैलांवर पूल गावी ते दोन वेगळ्या यंत्रांवर वेगवेगळे आणि अचूक उतरले. मार्कोनी कंपनीचे सल्लागार प्राध्यापक फ्लेमिंग यांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून हे जगाला कळवले. फ्लेमिंग पगारी सल्लागार होते हे लक्षात घेतले, तरी प्रयोग खराच होता. त्या दिवसापर्यंत असे कोणीही करून दाखवले नव्हते.

मग टेस्ला कुठे येतो? त्याचा अर्ज २ सप्टेंबर १८९७ चा, मंजुरी २० मार्च १९०० ची. त्यातही चार मंडले आहेत आणि ती जुळवलेलीच आहेत; पण त्याचा उद्देश वातावरणाच्या वरच्या थरांतून वीज वाहून नेण्याचा होता. त्याच मांडणीचा संदेशासाठी उपयोग होईल, असा उल्लेख त्याने केला होता. स्टोनचा अर्ज ८ फेब्रुवारी १९०० चा, म्हणजे मार्कोनीच्या ब्रिटिश अर्जाच्या अडीच महिने आधीचा. त्यात चार मंडलांची मांडणी होती. पण आकाशतारसुद्धा जुळवलेली असावी हे स्पष्ट शब्दांत आले ते १९०२ च्या दुरुस्तीत. बहुमताच्या न्यायमूर्तींनी म्हटले की मूळ अर्जात ते गृहीतच आहे.

इथे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी वेगळे मत दिले, आणि आमच्या मते त्या निकालपत्रातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग तोच आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एकदा गोष्ट घडून गेली की ती सोपी वाटते. चाळीस वर्षांनंतर कागद शेजारी-शेजारी मांडून ‘हे तर आधीच होते’ म्हणणे सोपे आहे. पण लॉज, टेस्ला आणि स्टोन यांच्यासारख्यांच्या हातात सगळे तुकडे असताना ते जोडून चालवून दाखवणारा मार्कोनीच का निघाला, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. जोडणी करणे हाही शोध असू शकतो. ज्याने कधी दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून यंत्र उभे केले आहे त्याला हे पटेल. कागदावर सगळे बरोबर असते, आणि यंत्र चालत नाही.

बहुमताच्या बाजूलाही तेवढेच वजन आहे. पेटंट म्हणजे बक्षीस नव्हे. ते दुसऱ्यांना ठराविक काळ दूर ठेवण्याचा अधिकार आहे. चालवून दाखवल्याबद्दल मार्कोनीला मान मिळालाच होता. १९०९ मध्ये ब्राउनसोबत नोबेल मिळाले, कंपनी उभी राहिली, पैसाही आला. पण ‘जुळवलेली मंडले वापरून संदेश पाठवणे’ एवढ्या रुंद दाव्याला कुंपण घातले, तर आधी ज्यांनी ती वाट शोधली तेच त्या वाटेवर परके होतात. लॉज-मुइरहेड पद्धतीने ब्रह्मदेशातील डायमंड आयलंड आणि अंदमानातील पोर्ट ब्लेअर यांच्यात भारतीय तारखात्याचा बिनतारी दुवा चालला होता. म्हणजे लॉजची पद्धत निव्वळ प्रयोगशाळेत अडकून पडली होती असेही नाही. ब्रिटनमध्ये १९११ साली न्यायमूर्ती पार्कर यांनी चार साताचे पेटंट वैध ठरवले, आणि त्याच वर्षी लॉजच्या पेटंटची मुदतही सात वर्षांनी वाढवून दिली. मार्कोनी कंपनीने मग लॉजचे पेटंटच विकत घेतले. वाद मिटला तो पैशाने. पहिला कोण हा प्रश्न तसाच राहिला.

लोकांमध्ये १९४३ च्या निकालाचा एक सोपा अर्थ रूढ झाला आहे: ‘रेडिओ मार्कोनीने नव्हे, टेस्लाने शोधला असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.’ तसे न्यायालयाने सांगितलेले नाही. पहिल्या यशस्वी बिनतारी संदेशाचे मार्कोनीचे श्रेय त्याच्या आधीच्या मूळ पेटंटवर आहे आणि त्याला इथे हात लावलेला नाही, असे निकालात स्पष्ट आहे. शिवाय दावा होता मार्कोनी कंपनीचा, अमेरिकन सरकारविरुद्ध, पहिल्या महायुद्धात सरकारने तिची पेटंटे वापरल्याच्या भरपाईसाठी. म्हणजे पैसे द्यायची वेळ आलेला प्रतिवादी सरकारच होता. याचा अर्थ न्यायमूर्तींनी पक्षपात केला असा आम्ही काढत नाही. त्यांचा युक्तिवाद स्वतःच्या पायावर उभा राहतो. पण इतिहासाचे श्रेय वाटायला कोर्ट बसले नव्हते, आणि कोर्टाच्या निकालातून इतिहासाचे श्रेय वाचू नये, एवढे यातून नक्की निघते.

दाव्यांचा रुंदपणा आणि वस्तुस्थिती यांच्यातले अंतर तेव्हाही दिसले होते. आपल्या जुळणीमुळे संदेश दुसऱ्याला पकडता येणार नाहीत, असे मार्कोनी जाहीरपणे सांगत असे. ४ जून १९०३ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फ्लेमिंग यांचे व्याख्यान चालू असताना नेव्हिल मॅस्कलिन याने जवळच्या दुसऱ्या ठिकाणाहून साध्या ठिणगीयंत्राने त्यांच्या यंत्रावर टवाळीचे संदेश घुसवले. फ्लेमिंग फार रागावले. पण मॅस्कलिनने सिद्ध करायचे ते सिद्ध केले. जुळणीने गर्दीतून हवा तो संदेश वेगळा काढता येतो. त्याने गुप्तता मिळत नाही. मुंबईत १९४२ च्या ऑगस्टपासून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवत होते. ज्या जुळणीमुळे देशभक्तांना तो लागत होता, त्याच जुळणीने पोलिसांनाही तो लागत होता. ट्रान्समीटरच्या जागा सारख्या बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबरला धाड पडली आणि आवाज थांबला. पेटंटच्या अर्जात काय लिहिले आहे आणि यंत्र खरोखर काय करते, हे दोन्ही तपासणारा कोणीतरी तटस्थ हवा, ही गरज मॅस्कलिनच्या खोडीत आधीच दिसली होती.

हक्कच मागू नये, ज्ञान सर्वांचे आहे, ही तिसरी बाजू आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांच्या रूपाने फार आदराने मांडली जाते. त्यांचे काम मुख्यतः लहरी निर्माण करण्याचे आणि पकडण्याचे होते. जुळणीच्या वादात ते थेट येत नाहीत. कंपन्यांच्या मागणीला त्यांनी नकार दिला. त्यांच्या स्नेही सारा बुल यांच्या आग्रहाने गॅलिना स्फटिकाच्या शोधक यंत्राचे एक अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळाले, त्याचाही त्यांनी उपयोग केला नाही. या वृत्तीपुढे आम्ही नम्र आहोत. पण बोस यांना प्रेसिडेन्सी कॉलेजचा पगार होता, लॉजला विद्यापीठाचा. कागलच्या वसाहतीत बँकेच्या कर्जावर दोन लेथ चालवणाऱ्याला ‘तूही बोस यांच्यासारखा हो’ म्हणून सांगणे न्यायाचे नाही. आणि हक्क हातात असूनही भांडवल नसले तर काय होते, ते मुंबईच्या शंकर आबाजी भिसे यांच्या आयुष्यात दिसते. छपाईचे खिळे पाडणाऱ्या त्यांच्या यंत्रांची पेटंटे होती, टाटांचे पाठबळ काही काळ मिळाले. पण यंत्र बाजारात टिकवायला लागणारा पैसा पुरला नाही. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. आज त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकांबाहेर क्वचित ऐकू येते.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यातले कलम ३(एफ) सांगते की आपापल्या परीने स्वतंत्रपणे चालणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती म्हणजे शोध नव्हे. चार साताचा वाद आज आपल्याकडे आला असता तर पहिला आक्षेप याच कलमाखाली निघाला असता. चार मंडले एकमेकांवर अवलंबून आहेत, स्वतंत्रपणे चालत नाहीत, असे म्हणून मार्कोनीचा वकील त्यातून सुटलाही असता. कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानावर पेटंट देत नाही, आणि ते योग्यच आहे. मंजुरीआधी हरकत घेण्याचा अधिकार कोणालाही आहे. हा आपल्या कायद्याचा फार मोलाचा भाग आहे.

चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांचे सामायिक आहे आणि दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. कागलच्या सीमेवर राहणाऱ्यांना हे सामायिकपण पटायला जड जाऊ नये. निपाणीकडचा आणि कापशीकडचा कारागीर एकाच कलेचे वारस आहेत. पण हे मानांकन नावाचे रक्षण करते, घडणीचे नाही. प्राडाने नाव वापरलेच नव्हते, म्हणून मानांकनाच्या कायद्याचे हात तिथे तोकडे पडले. मुंबई उच्च न्यायालयात वकिलांनी केलेली जनहित याचिकाही जुलै २०२५ मध्ये, याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत धारक नाहीत या कारणाने, फेटाळली गेली.

राहिला फिटरच्या पिनचा प्रश्न. ती सुधारणा पूर्ण पेटंट मिळण्याइतकी मोठी नसते आणि दुर्लक्ष करण्याइतकी लहानही नसते. जर्मनीने अशा लहान सुधारणांसाठी १८९१ मध्येच वेगळा, कमी मुदतीचा आणि सोप्या नोंदणीचा हक्क कायद्यात आणला. आज त्याची कमाल मुदत दहा वर्षे आहे. भारतात तसा कायदा नाही. केंद्र सरकारच्या औद्योगिक धोरण विभागाने मे २०११ मध्ये यावर चर्चापत्र काढले, पण कायदा झाला नाही. अशा हक्काच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे: खर्च कमी, वेळ कमी, आणि छोट्या कारखानदाराला मोठ्या गिऱ्हाइकापुढे टेबलावर ठेवायला एक कागद मिळतो. विरोधातला मुद्दाही पोकळ नाही. तपासणी न करता हक्क दिले, तर ते सर्वांत जास्त घेणार मोठ्या कंपन्या, ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. शंभर किरकोळ नोंदींचे काटेरी कुंपण घालून त्या छोट्यालाच अडवतील. उद्यमनगरात ऑइल इंजिनाचा धंदा वाढला तो परदेशी इंजिने उघडून, समजून घेऊन, आपल्या शेतकऱ्याला परवडतील अशी बनवून. तेव्हा असे कुंपण असते तर तो धंदा उभाच राहिला नसता. ही भीती खरी आहे आणि ती बाजूला सारून पुढे जाता येणार नाही.

दोन्ही बाजू तोलून आमचे मत असे. लहान सुधारणांसाठी अल्पमुदतीचा हक्क भारताने आणावा. पण नोंद केल्याने कोणाला कोर्टात खेचण्याचा अधिकार मिळू नये. खटला भरायचा असेल तर आधी पेटंट कार्यालयाने त्या दाव्याची तपासणी करावी, आणि ती ठराविक महिन्यांत पुरी करावी. मुदत पाच-सहा वर्षांपेक्षा जास्त नको. दावा अरुंद असावा: ‘या फिक्स्चरमध्ये ही पिन इथे’ एवढाच, ‘पिन वापरून जॉब धरणे’ असा नव्हे. मार्कोनीला त्याच्या चार मंडलांच्या नेमक्या जोडणीचा, ट्रान्सफॉर्मरसह, थोड्या वर्षांचा हक्क मिळायला हवा होता. जुळणीच्या तत्त्वाचा नाही. तसे झाले असते तर लॉज, ब्राउन आणि स्टोन यांना आपापल्या पद्धती मोकळेपणाने सुधारता आल्या असत्या, आणि त्रेचाळीस वर्षांच्या वादाची वेळ आली नसती. हे मत सर्वांना पटेल असे नाही. औषधांच्या किंवा संगणकाच्या क्षेत्रात हेच मोजमाप कदाचित चालणार नाही. आम्ही बोलतो आहोत ते लोखंड, ओतकाम आणि यंत्रभाग यांच्याबद्दल.

कायदा होईल तेव्हा होईल. दोन गोष्टी आजच करता येतात. ज्याला पेटंट घ्यायचे आहे त्याने नमुना गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी तात्पुरता अर्ज दाखल करावा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. लॉजने १८९४ मध्ये भरसभेत दाखवले आणि १८९७ मध्ये अर्ज केला. आपल्या कायद्यात थोड्या अपवादांखेरीज असा क्रम चालत नाही. एकदा उघड झालेली गोष्ट नवी राहत नाही. आणि ज्याला पेटंट परवडत नाही किंवा नकोच आहे, त्याने उलट करावे: सुधारणा तारीख घालून छापावी. तारखेचा छापील कागद अस्तित्वात असला की ती गोष्ट नंतर दुसऱ्या कोणालाही स्वतःच्या नावे कुलूपबंद करता येत नाही. मार्कोनीचे दावे अखेर पडले ते अशाच जुन्या, तारखेच्या कागदांमुळे. दोन्ही मार्ग एकदम धरता येत नाहीत. कुठला धरायचा हे ज्याचे त्याने नमुना बाहेर जाण्याआधी ठरवावे.

या दुसऱ्या मार्गासाठी शिवाजी विद्यापीठाने आणि जिल्ह्यातल्या उद्योजक संघटनांनी मिळून एक खुली नोंदवही सुरू करावी, अशी आमची मागणी आहे. मराठीतून लिहिलेली टिपणे चालावीत. हाताने काढलेले रेखाचित्र चालावे. सुधारणा करणाऱ्याचे नाव, कारखान्याचे नाव आणि तारीख असावी, आणि नोंद इंटरनेटवर सर्वांना पाहता यावी, म्हणजे ती कायद्याच्या दृष्टीने प्रसिद्ध झाली असे ठरेल. मालकाचे नाव लिहिताना पिन हलवणाऱ्या फिटरचे नाव खाली राहणार नाही, याची अट घालावी. कापशीच्या कारागिरांच्या घडणीच्या तऱ्हाही याच नोंदवहीत छायाचित्रांसह याव्यात: कानांची ठेवण, वेणी, शिवण, कातडे कमावण्याची रीत. मानांकन जे नावापुरते करते, ते घडणीपुरते निदान पुराव्याच्या रूपाने जमेल. मुंबईच्या पेटंट कार्यालयात उद्या कोणी परका अर्ज घेऊन आला, तर हरकत घेणाऱ्याच्या हातात दाखवायला काहीतरी असेल. यासाठी संसदेत विधेयक मांडावे लागत नाही. एक सर्व्हर, एक जबाबदार माणूस आणि पहिल्या शंभर नोंदी मिळवायला कारखान्या-कारखान्यांत फिरणारे चार-दोन विद्यार्थी एवढे पुरेल. खर्चाचा वाटा वसाहतीतल्या मोठ्या कंपन्यांनी उचलावा, कारण छोट्यांच्या सुधारणांचा सर्वांत मोठा फायदा आजवर त्यांनाच झाला आहे.